करारात न लिहिलेली अट

बाजार समितीच्या आवारात माल घेऊन गेलेल्या माणसाला कडता म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. पोत्याचे वजन, माती-कचरा, मालाची तूट अशा नावांखाली तोललेल्या मालातून काही वजन वजा होते. त्यावरून भांडणे होतात, पण कडता करारात लिहिला होता का, असे कोणी विचारत नाही. मुंबईच्या हिरेबाजारात जांगडवर दिलेला माल म्हणजे पसंतीला दिलेला माल. पसंत पडला तर विकला, नाही तर परत. फळबाजारात रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवण्याची हत्ता पद्धत कित्येक वर्षे चालली. दोन माणसांच्या बोटांत झालेला सौदा, पण तो मोडायची कोणाची छाती होत नसे.

व्यापारात जेवढे बोलले जाते त्याहून अधिक न बोलता धरून चाललेले असते. आपल्या पेठेत हे निभावते, कारण दोन्ही बाजूंना रीत ठाऊक असते. अडचण पुढे येते. रत्नागिरीचा आंबा, नाशिकचा कांदा, भिवंडीचे कापड, धारावीचे चामड्याचे सामान न्हावाशेव्याला जहाजात चढते आणि जेद्दा, दुबई किंवा हॅम्बुर्गला उतरते, तेव्हा कोणाच्या पेठेची रीत लागू धरायची? करारात जे लिहिले नाही ते कोणी ठरवायचे? आमच्या वाचकांपैकी अनेकांचे भाऊ, दीर, मुलगे आखातात आहेत. त्यांच्या ओळखीवर इकडून माल पाठवणारी आणि तिकडून मागवणारी घरेही आहेत. त्यांचा पैसा या प्रश्नाच्या उत्तरात अडकलेला असतो. म्हणून हा विषय फक्त वकिलांवर सोडून देण्यासारखा नाही.

आपल्या ओळखीचा उर्फ

एखाद्याचे प्रचलित नाव सांगताना मराठीत आपण ‘उर्फ’ म्हणतो. तो शब्द अरबीतून फारसी-उर्दूच्या वाटेने आपल्याकडे आला. मूळ अर्थ असा की जे लोकांच्या ओळखीचे झाले आहे, सर्वांनी मानले आहे ते. फिक्हच्या भाषेत उर्फ म्हणजे रूढी, रिवाज. कागदावर नाव एक आणि गावात ओळख दुसरीच असते, तसेच सौद्याचेही असते. लिहिलेला करार एक आणि बाजाराने ओळखलेला करार दुसरा.

प्रेषित मुहम्मद (सल्ल.) मदीनेला आले तेव्हा तिथले लोक फळांचे पैसे वर्ष-दोन वर्षे आधी देऊन सौदे करीत, अशी नोंद हदीसच्या ग्रंथांत आहे. प्रेषितांनी (सल्ल.) हा रिवाज बंद केला नाही. माप ठरलेले असावे, वजन ठरलेले असावे, मुदत ठरलेली असावी, एवढ्या अटी घातल्या. हाच व्यवहार पुढे सलम म्हणून ओळखला गेला. चालत आलेली रीत ठेवायची आणि तिच्यातला संदिग्धपणा तेवढा काढायचा, हे धोरण पुढे फुकहांनीही चालवले. चांभाराला जोडा किंवा तांबटाला भांडे बनवायला सांगणे घ्या. सौद्याच्या वेळी ती वस्तू अस्तित्वातच नसते, म्हणजे नुसत्या तर्काने असा सौदा बसत नाही. हनफी फुकहांनी तो इस्तिस्ना म्हणून मान्य केला, कारण लोक तसे करीत आले होते आणि त्यावाचून त्यांचे चालत नव्हते. इमाम अबू यूसुफ (रह.) तर म्हणत की एखादी जिन्नस मापाने मोजायची की वजनाने, हेही त्या काळाच्या रिवाजावर ठरावे. इतर इमामांनी ते मानले नाही, पण वाद किती बारीक गोष्टीपर्यंत गेला होता ते यावरून कळते.

एकोणिसाव्या शतकात उस्मानी सल्तनतीने हा सगळा व्यवहारधर्म कलमवार लिहून काढला. अहमद जेवदत पाशा यांच्या अध्यक्षतेखालच्या मंडळाने १८६९ ते १८७६ या काळात ‘मजल्ला’ नावाची संहिता तयार केली. तिची कलमे १८५१. सुरुवातीलाच सर्वसाधारण नियम दिले आहेत आणि त्यांत रिवाजावरची कलमे एका ओळीने येतात. छत्तिसावे कलम रिवाजाला निवाडा करणाऱ्या पंचाची जागा देते. त्रेचाळिसाव्याचा आशय असा की रिवाजाने जे सर्वांना माहीत आहे ते करारात अट म्हणून लिहिल्यासारखेच धरावे. चव्वेचाळिसावे खास व्यापाऱ्यांसाठी आहे. व्यापाऱ्यांमध्ये जे रूढ आहे ते त्यांच्या आपसातल्या करारातली अटच समजावी, असे ते सांगते. मात्र रिवाज सातत्याने चालणारा किंवा सर्वत्र पसरलेला असला पाहिजे, क्वचित घडणाऱ्या गोष्टीला रिवाज म्हणता येत नाही, हेही तिथेच सांगितले आहे. पुढे जॉर्डनच्या १९७६ च्या आणि संयुक्त अरब अमिरातीच्या १९८५ च्या नागरी कायद्यात या नियमांपैकी बरेच उतरले.

कायद्यातले ससे

इंग्रजांच्या न्यायालयांनाही हे नवे नव्हते. १८३२ सालचा एक खटला कायद्याचे विद्यार्थी अजून हसत हसत वाचतात. एका जमिनीच्या भाडेपट्ट्यात पट्टा संपताना तिथल्या सशांचा भाव दर हजारी ठरला होता. भांडण झाले ते हजार म्हणजे किती यावर. त्या भागात सशांची मोजणी डझनांत होई आणि शंभर डझनांना, म्हणजे बाराशे सशांना, एक हजार म्हणत. अंकाचा अर्थ अंकच असतो, त्यात रिवाज कुठून आला, असा युक्तिवाद झाला. न्यायालयाने बाराशे मान्य केले. कोकणात नारळ किंवा आंबे शेकड्याने घेतलेल्या माणसाला यात नवल वाटायचे कारण नाही.

आपल्या देशातही तोच वारसा आला. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याच्या पहिल्याच कलमात म्हटले आहे की या कायद्याशी विसंगत नसलेल्या व्यापारी रिवाजाला धक्का लागणार नाही. १८८१ च्या परक्राम्य दस्तऐवज कायद्याने देशी भाषांतल्या हुंड्यांचे स्थानिक रिवाज तसेच ठेवले. १९३० चा मालविक्री कायदा मालाच्या गुणवत्तेविषयीची अट रिवाजानेही सौद्याला जोडली जाऊ शकते असे मानतो. म्हणजे पेठेतली रीत न्यायालयाच्या दारात थांबत नाही, आत येते. फक्त ती आहे, हे जो सांगतो त्याला सिद्ध करावे लागते.

व्हिएन्नाचे नववे कलम

वेगवेगळ्या देशांतल्या दोन व्यापाऱ्यांसाठी एकच कायदा असावा, ही धडपड विसाव्या शतकात बरीच वर्षे चालली. अखेर ११ एप्रिल १९८० रोजी व्हिएन्ना इथे संयुक्त राष्ट्रसंघाच्या परिषदेत आंतरराष्ट्रीय मालविक्रीचा करारनामा मंजूर झाला. १ जानेवारी १९८८ पासून तो अमलात आहे. आज नव्वदहून अधिक देश त्यात आहेत. अमेरिका, चीन, जर्मनी, जपान, सिंगापूर त्यात आहेत. तुर्कस्तान, इजिप्त, बहरीनही आहेत. सौदी अरेबिया २०२३ मध्ये सामील झाला आणि तिथे तो १ सप्टेंबर २०२४ पासून लागू झाला.

भारत त्यात नाही. म्हणून आपला काही संबंध नाही, असे अनेकजण धरून चालतात. ते घाईचे आहे. परदेशी खरेदीदाराने पाठवलेल्या छापील कराराच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत ‘जर्मन कायदा लागू’ किंवा ‘सिंगापूरचा कायदा लागू’ असे असते. त्या देशाने व्हिएन्ना करारनामा स्वीकारला असेल तर तो त्या देशाच्या कायद्याचा भाग झालेला असतो. तुम्ही सही केलीत की तुमच्या सौद्यात तो येऊ शकतो.

या करारनाम्याचे नववे कलम रिवाजाचे आहे. त्याचे दोन भाग आहेत आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. पहिला भाग सांगतो की जो रिवाज पक्षांनी स्वतः मान्य केला आहे तो त्यांना बांधतो, आणि त्यांच्या आपसातल्या वागण्यातून जो शिरस्ता पडला आहे तोही बांधतो. दुसरा भाग अधिक लांबचा आहे. एखादा रिवाज पक्षांना माहीत असेल, किंवा माहीत असायला हवा असेल, आणि त्या धंद्यातल्या आंतरराष्ट्रीय व्यवहारात तो सर्वत्र ओळखला आणि नेहमी पाळला जात असेल, तर तो करारात गृहीत धरला जातो. दोघांनी वेगळे ठरवले असेल तरच तो बाजूला राहतो.

‘माहीत असायला हवा’ या शब्दांवर थांबले पाहिजे. मला ठाऊक नव्हते, हे उत्तर इथे पुरत नाही. करारनाम्याचा मसुदा होत असताना विकसनशील देशांना नेमकी याचीच काळजी होती. जागतिक व्यापाराचे रिवाज घडले ते लंडन, हॅम्बुर्ग, न्यूयॉर्कच्या पेढ्यांमध्ये. ज्यांनी ते घडवले त्यांच्या सोयीचे ते असणार. कालपर्यंत वसाहत असलेल्या देशातल्या व्यापाऱ्याने ते न विचारता का मानावेत? ही शंका आजही आम्हाला रास्त वाटते. तिच्यामुळेच कलमात रिवाज सर्वत्र ज्ञात आणि नियमित पाळला जाणारा हवा, ही कसोटी आली. पण कसोटी लागली तरी पाल्याचे वजन सारखे झाले असे नाही.

मजल्लाची कलमे आणि हे नववे कलम शेजारी ठेवून वाचले की ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटते. एकातून दुसरे निघाले, असा आमचा दावा नाही. परक्या माणसाशी विश्वासाने व्यवहार करायची गरज बगदादच्या बाजारालाही होती आणि व्हिएन्नाच्या परिषदेलाही.

तीन अक्षरे आणि एक यंत्र

दुसऱ्या भागाची ताकद एका अमेरिकी खटल्यात दिसली. जर्मनीच्या न्यूरोमेड या कंपनीने इलिनॉय राज्यातल्या एका खरेदीदाराला एमआरआय यंत्र विकले. करारात ‘सीआयएफ न्यूयॉर्क बंदर’ एवढेच होते. यंत्र जहाजात चढले तेव्हा ठीक होते, मुक्कामी पोहोचले तेव्हा मोडलेले निघाले. नुकसान भरून दिलेल्या विमा कंपन्यांनी विक्रेत्यावर दावा लावला. त्यांचे एक म्हणणे ऐकायला अगदी पटण्यासारखे होते. पूर्ण पैसे मिळेपर्यंत यंत्राची मालकी विक्रेत्याकडेच राहील, असे करारातच लिहिले होते. मालक तो, तर मोडतोडही त्याचीच.

न्यूयॉर्कच्या संघीय न्यायालयाने २००२ मध्ये हा दावा फेटाळला. करारावर जर्मन कायदा लागू होता, त्यामुळे व्हिएन्ना करारनामा आला. नवव्या कलमामुळे इन्कोटर्म्सही आल्या. खरे तर करारात इन्कोटर्म्स हा शब्द कुठेही नव्हता! पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाने १९३६ पासून छापलेल्या या अटी जगभरच्या व्यापारात इतक्या रुळल्या आहेत की ‘सीआयएफ’ लिहिले की त्यांचाच अर्थ घ्यायचा, असे न्यायालयाने मानले. त्या अर्थानुसार माल निघण्याच्या बंदरात जहाजावर गेला की जोखीम खरेदीदाराची. मालकी कोणाची हा वेगळा प्रश्न.

इथे आपल्याकडचे अनेक नवे निर्यातदार आणि आयातदार फसतात, म्हणून जरा उलगडून सांगतो. सीआयएफ म्हणजे किंमत, विमा आणि भाडे. विक्रेत्याने मुक्कामाच्या बंदरापर्यंतचे भाडे भरायचे, विमा काढायचा. भाडे तो भरतो म्हणून वाटेतली जोखीमही त्याचीच, असा समज होतो. तो चूक आहे. खर्च मुक्कामापर्यंत विक्रेत्याचा, पण जोखीम निघण्याच्या बंदरातच खरेदीदाराकडे जाते. तुर्कस्तानातून सुका मेवा सीआयएफ न्हावाशेवा मागवला आणि वाटेत पाणी लागून खराब झाला, तर विक्रेत्याशी भांडण्यात अर्थ नाही, विम्याचा कागद शोधायचा.

एफओबीची गोष्ट याहून नाजूक. या अटीतही माल जहाजावर ठेवला गेला की जोखीम बदलते. पोती आणि पेट्या क्रेनने उचलून जहाजात ठेवल्या जात होत्या तेव्हा ते सरळ होते. आता कांद्याचा कंटेनर आपण आगारात सोपवतो आणि तो जहाजावर चढेपर्यंत कधी कधी चार दिवस जातात. त्या चार दिवसांत वीज गेली, कांदा सडला, कंटेनर आपटला तर जोखीम अजून विक्रेत्याचीच, जरी माल त्याच्या हातात नसला तरी. म्हणून कंटेनरच्या मालाला एफओबीऐवजी एफसीए अट वापरा, असे व्यापार मंडळ सांगत आले आहे. त्या अटीत ठरल्या ठिकाणी वाहतूकदाराच्या हवाली केले की विक्रेता मोकळा. तरी सवयीने सगळे एफओबीच लिहितात. रिवाजाचा हाही एक गुण म्हणायचा की परिस्थिती बदलली तरी तो जागचा हलत नाही.

सात वर्षांचा शिरस्ता

दुसरा खटला आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण तो आपल्यासारख्यांच्या घरात रोज घडू शकतो. ऑस्ट्रियातली ट्रायबाखर ही कंपनी कठीण धातूंची भुकटी विकते. अमेरिकेतल्या अलाबामात टीडीवाय नावाची कंपनी तिच्याकडून टँटलम कार्बाइडची भुकटी घेई. १९९३ पासून व्यवहार चालू होता. माल कन्साइनमेंटवर पाठवला जाई, म्हणजे तो टीडीवायच्या गोदामात जाऊन पडे आणि जसा वापरला जाईल तसे बिल होई. २००० च्या अखेरीस नव्या मागण्या नोंदवल्या गेल्या. थोडा माल वापरून झाला आणि टीडीवायला दुसरीकडे स्वस्त भाव मिळाला. उरलेला माल नको, असे तिने कळवले.

तिचे म्हणणे सरळ होते. धातूंच्या धंद्यात कन्साइनमेंटचा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. माल वापरला तेवढीच विक्री, न वापरलेला परत. आपल्या भाषेत, जांगड. तिने तसे जाणकार साक्षीदारही आणले. ट्रायबाखरने उत्तर दिले की जगात काहीही चालत असो, आम्हा दोघांत सात वर्षे वेगळेच चालले आहे. मागणी नोंदवली की विक्री झाली, फक्त बिल उशिरा. याला पुरावाही होता. आधी एकदा टीडीवायच्या माणसाने उरलेली भुकटी परत करू पाहिली, तेव्हा ती विकली गेली आहे, परत घेता येणार नाही, असे त्याला सांगण्यात आले. त्यावर टीडीवायने तो माल ठेवून घेतला, वापरला आणि पैसे दिले.

हे एक वागणे फार महाग पडले. २००६ मध्ये अमेरिकेच्या अकराव्या विभागाच्या अपील न्यायालयाने निकाल कायम केला. दोन पक्षांमधला शिरस्ता आणि धंद्यातला सर्वसाधारण रिवाज यांच्यात विरोध आला तर शिरस्ता वरचढ, असे त्याने म्हटले. भरपाईचा आकडा होता सुमारे ५३ लाख डॉलर.

विचार करण्यासारखे म्हणजे टीडीवायने सांगितलेला धंद्याचा अर्थ खोटा ठरवावाच लागला नाही. तो खरा असला तरी उपयोग नव्हता, कारण तिने स्वतःच्या वागण्याने वेगळा अर्थ घडवला होता. त्या दिवशी भुकटी परत घेत नाही म्हटल्यावर तिने एक पत्र लिहून हरकत नोंदवली असती, तर कदाचित चित्र वेगळे दिसले असते.

एक-दोन व्यवहारांनी शिरस्ता होत नाही, असेही काही न्यायालयांनी म्हटले आहे. काही काळ आणि काही वेळा तीच गोष्ट घडावी लागते. नेमके किती, याचा हिशेब कोणी लिहून ठेवलेला नाही.

गावाची रीत जगाची होते का

स्थानिक रिवाजाचे काय, यावर ऑस्ट्रियाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये एक निकाल दिला. जर्मनीत लाकडाच्या धंद्यात ‘टेगर्नझे’ या ठिकाणच्या नावाने ओळखले जाणारे रिवाज आहेत. मालात खोट निघाली तर किती दिवसांत कळवायचे, अशा गोष्टी त्यांत ठरलेल्या आहेत. रिवाज मुळात एका भागातला असला, तरी सीमेपलीकडच्या व्यापारात तो धंद्यातल्या लोकांना माहीत असेल आणि पाळला जात असेल, तर तो लागू होऊ शकतो, असे न्यायालयाने मानले. आपल्या दृष्टीने याला दोन बाजू आहेत. तिकडचा गावरिवाज आपल्या गळ्यात पडू शकतो. तसेच हापूसच्या किंवा हिऱ्यांच्या व्यापारात आपला एखादा रिवाज परदेशी खरेदीदार वर्षानुवर्षे पाळत आला असेल, तर तोही त्याच्या गळ्यात पडू शकतो. फक्त तो सिद्ध करायला व्यापारी संघटनांनी आपले रिवाज लिहून, छापून ठेवायला हवेत. जर्मन लाकूडवाल्यांनी ते केले. हापूसवाल्यांनीही ते करावे, असे आम्हाला वाटते.

रिवाज वैध आहे की नाही, हे मात्र व्हिएन्ना करारनामा ठरवत नाही. चौथ्या कलमात ते त्या त्या देशाच्या कायद्यावर सोडले आहे. म्हणजे बाजारात सगळेच लाच देतात किंवा सगळेच खोटी बिले करतात, म्हणून ते कायद्याने बांधणारे होत नाही. फिक्हनेही उर्फाचे दोन भाग केले आहेत, सहीह आणि फासिद. कुरआन-हदीसच्या स्पष्ट आदेशाविरुद्ध जाणारा रिवाज कितीही जुना असो, तो फासिद. थकलेल्या रकमेवर दर महिन्याला व्याज चढवायचा बाजाराचा रिवाज आहे, असे सांगणारे लोक भेटतात. ज्यांना त्यापासून दूर राहायचे आहे त्यांनी करारातच तसे लिहिले पाहिजे. गप्प राहिल्यास व्हिएन्ना करारनाम्याच्या अठ्ठ्याहत्तराव्या कलमाने थकीत रकमेवर व्याजाचा हक्क मिळतोच.

बँकेचा ‘अंदाजे’

मोठ्या सौद्यात पैसे लेटर ऑफ क्रेडिटने येतात. तिथले रिवाज १९३३ पासून छापील आहेत. सध्याची आवृत्ती १ जुलै २००७ पासून चालू आहे आणि यूसीपी ६०० या नावाने ओळखली जाते. तिच्यात एक गंमत आहे. आपण मराठीत ‘अंदाजे’, ‘सुमारे’ किती सहज म्हणतो. क्रेडिटच्या कागदात रक्कम, वजन किंवा दर यांच्या आधी ‘अंदाजे’ या अर्थाचा शब्द असेल, तर त्याचा ठरलेला अर्थ आहे, दहा टक्के कमी किंवा जास्त. शब्द नसेल तर सुट्या मालाच्या वजनात पाच टक्क्यांची मुभा असते, पण एकूण रक्कम ओलांडायची नाही. नग किंवा पेट्यांच्या संख्येत मोजलेल्या मालाला ही मुभाही नाही. हजार पेट्या लिहिल्या आणि नऊशे नव्व्याण्णव चढवल्या तर बँक कागद परत करू शकते. कागद तपासायला बँकेला पाच कामकाजाचे दिवस मिळतात, आणि ती फक्त कागद बघते, माल बघत नाही.

घरातून होणाऱ्या छोट्या व्यापारात एवढे कागद नसतात. भिवंडीत बसून बुरखे आणि अबाया शिवून शारजातल्या नणंदेच्या दुकानाला पाठवणाऱ्या बाईकडे फोनवरचे निरोप असतात, पैसे आल्याच्या नोंदी असतात आणि सवय असते. दोन महिन्यांत पैसे द्यायचे ठरले होते, नणंद चार महिन्यांनी देते, वहिनी काही बोलत नाही. उरलेला माल परत येतो, तीही ठेवून घेते. नात्यात कोण वाद घालणार! हीच सवय तिसऱ्या, चौथ्या वर्षी पुढच्या माणसाच्या तोंडी ‘आमच्यात असेच चालते’ या शब्दांत येते. दुकान दुसऱ्याला विकले गेले तर नवा मालकही तोच शिरस्ता पुढे करील. तेव्हा वहिनीकडे दाखवायला काय असेल?

वसुलीसाठी रोज भांडावे, असे आम्ही म्हणत नाही. सवलत द्यावी, नात्यात तर द्यावीच. कुरआनमधली सर्वांत लांब आयत उधारीचा व्यवहार लिहून ठेवायला सांगते, आणि हातोहात होणाऱ्या सौद्याला त्यातून सूट देते. शारजाला चार महिन्यांसाठी गेलेला माल हातोहातचा नव्हे. मुदत वाढवली त्याच दिवशी फोनवर दोन ओळी पाठवल्या तरी काम होते. ‘या खेपेचे पैसे रमजाननंतर दिलेत तरी चालतील. पुढच्या मालाला नेहमीचीच दोन महिन्यांची मुदत. विकला न गेलेला माल या वेळी परत घेते, पुढे घेणार नाही.’ नणंदेने खाली ‘ठीक आहे, वहिनी’ एवढे लिहिले तर उत्तम. तो निरोप पुसू नये.